मीटरला दिसलेला सूर्य

“हे बघ कुमुद, दीड अँपिअर! आकडा आलाय म्हणजे सूर्य आलाय. आता जेव.”

होडीच्या पोटात, पायऱ्यांच्या बाजूला बसवलेल्या मीटरवर बोट ठेवून हे उभे होते. मी वर उघड्यावर, मिटलेली छत्री मांडीवर घेऊन बसले होते. पाऊस नुकताच थांबला होता, पण आभाळ इतकं खाली उतरलं होतं की खाडीच्या पलीकडचे माड अर्ध्यापर्यंतच दिसत होते.

“मीटरला दिसला असेल,” मी म्हटलं. “मला कुठे दिसलाय?”

“अगं, पॅनेलवर प्रकाश पडल्याशिवाय वीज येईल का? साधं शास्त्र आहे.”

“प्रकाश आलाय हो. तो नाही आला.”

“तो! जसा काही जावईच यायचाय.”

“जावई असता तर ढगाआडून हाक तरी मारली असती.”

हे हसले आणि लगेच कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “काल दिवसभर नाही, आज नाही. चक्कर येऊन पाण्यात पडशील, मग मी काय करू?”

“पडणार नाही,” मी म्हटलं. आणि मला ते ठाऊक होतं.

सूर्य डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, असं माझं व्रत आहे. पाणी चालतं. पुष्कळ बायका ते चातुर्मासापुरतं धरतात. मीही तसंच धरलं होतं, पण कार्तिकात सोडायची वेळ आली तेव्हा सोडावंसं वाटेना, म्हणून बाराही महिने चालू ठेवलं. आठ महिने त्यात कष्ट काहीच नसतात. पावसाळ्यात मात्र तो एखादा दिवस येतच नाही, कधी लागोपाठ दोन-तीन दिवस येत नाही. सवय झाली की भूक दाराशी येऊन बसते, पण हाक मारत नाही. ह्यांचा देवाधर्मावर विश्वास नाही. “तुझं तू बघ” एवढंच म्हणतात. पण मी उपाशी असले की घरात त्यांचाच पाय ठरत नाही.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीच्या श्रावणातली. आमचे हे, मुकुंद आठल्ये, मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गोव्याहून एक जुनी शिडाची होडी आणली आणि तिचं नाव ठेवलं ‘टिटवी’. ती आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा खाडीत, आतल्या शांत पाण्यात, लाकडी धक्क्याला बांधलेली असे. कार्तिक संपला की शिडं उभारायची आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेला कन्याकुमारीपर्यंत जायचं, आम्ही दोघांनीच, असा बेत होता. ह्यांना समुद्र हवा होता. मला ती जागा पाहायची होती जिथे तो पाण्यातूनच उगवतो आणि पाण्यातच मावळतो.

बेताला एकच अट होती आणि ती डॉक्टरांनी घातली होती. ह्यांचा झोपेत श्वास थांबतो. थांबतो, मग दचकून सुरू होतो, पुन्हा थांबतो. म्हणून उशाशी एक छोटं यंत्र लागतं. ते रात्रभर नळीतून हवा ढकलतं आणि ती नाकावर बांधलेल्या मुखवट्यातून आत जाते. डॉक्टर म्हणाले होते, “समुद्रावर जा, चंद्रावर जा. पण एकही रात्र मशीनशिवाय झोपायचं नाही. हृदय दमतं. शिवाय रात्री झोप झाली नाही की हे दिवसा बसल्या जागी झोपणार. सुकाणू हातात असताना झोपले, तर तुमचं काय होणार ते तुम्हीच ठरवा.”

म्हणजे आमचं जाणं-न जाणं शिडांवर अवलंबून नव्हतं. ते होतं बॅटरीवर.

त्या बाबतीत सल्ला द्यायला इसाकभाई सोलकर होते. ह्यांच्याच जहाजांवर ते सारंग होते, खलाशांचे मुकादम. आता बंदरावर होडीच्या सामानाचं दुकान चालवायचे. उन्हाळ्यात एका संध्याकाळी ते ‘टिटवी’वर आले, सगळीकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, “साहेब, घरच्या इन्व्हर्टरची ती उंच बॅटरी तेवढी आणू नका. एकानं आणली होती आमच्या गावात. वाऱ्यात होडी कलली, ॲसिड सांडलं, बायकोच्या तीन पैठण्यांची चाळण झाली. होडी वाचली, पण तो नाय वाचला.”

“मी बोटीवरचा इलेक्ट्रिकल माणूस आहे इसाक. मला शिकवतोस?”

“म्हणून तर शिकवतो. मोठ्या बोटीवर खाली अख्खं वीजघर असतं, मागाल तेवढी वीज. इथं काय आहे? आभाळ!”

शिशाच्या बॅटऱ्या जड, आणि अर्ध्यावर आल्या की थांबावं लागतं. लिथियमची बॅटरी हलकी, जवळजवळ तळापर्यंत वापरली तरी कुरकुरत नाही. तेव्हा लिथियम, इथवर दोघांचं एकमत झालं. पुढे वाद होता. इसाकभाईंचं म्हणणं, दोन बॅटऱ्या घ्या आणि मागच्या खांबावर एक छोटी पवनचक्की बसवा. ह्यांचं म्हणणं, एक बॅटरी आणि छपरावरची दोन पॅनेलं पुरेत.

“पवनचक्की म्हणजे डोक्यावर चोवीस तास भुंगा,” हे म्हणाले. “आणि दुसरी बॅटरी ठेवू कुठे? जागाच नाही.”

“जागा काढली की होते,” इसाकभाई म्हणाले आणि का कोण जाणे, माझ्याकडे पाहून गप्प झाले.

हे एकेक बोट दुमडत मोजू लागले. “डोलकाठीवरचा दिवा, रेडिओ, नकाशाचा पडदा, पाणी उपसायचा पंप, आपोआप सुकाणू धरणारं यंत्र, दोन पंखे…”

“आणि तुमचं मशीन?” मी विचारलं.

“धरलंय गं. ते काय, चिल्लर आहे.”

शेवटी असं ठरलं की इसाकभाईंनी एक बॅटरी आठवडाभर उसनी द्यायची. श्रावणातली ढगाळ झड लागली की ह्यांनी होडीवर मुक्काम करायचा, समुद्रावर असल्यासारखं सगळं चालवायचं आणि बॅटरी तीन रात्री टिकते का पाहायचं. सुकाणूच्या यंत्राऐवजी तेवढीच वीज खाणारा एक मोठा दिवा लावायचा. टिकली तर एक, नाही टिकली तर दोन आणि पवनचक्की. गुरुवारी इसाकभाई माल आणायला कोचीला जाणार होते. जाताना ते धक्क्यावर येऊन निकाल ऐकणार होते, कारण एकदा मागवलेला माल परत जात नाही.

मी दिवसभर होडीवर असे आणि तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावायला घरी येई. घरचा दिवा मी कधी चुकवलेला नाही. सकाळी ह्यांच्यासाठी पोळी-भाजी घेऊन परत जाई, स्वतः तशीच.

होडीवरही ह्यांनी मला देवघर करून दिलं होतं. मी मागितलं नव्हतं. डोलकाठीच्या पायथ्याशी, जिथे होडी सगळ्यात कमी हलते, तिथे जमिनीलगत सागवानी कोनाडा केला होता. मूर्ती घसरू नयेत म्हणून त्याला बोटभर उंच काठ, आणि काठावर वेल कोरलेली. पानं जरा बेढब झाली होती. मी माझ्या घरची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण तिथे नेऊन बसवले, तेव्हा हे पाठ करून उभे होते. हातोडी शोधत होते म्हणे. हातोडी त्यांच्या हातातच होती.

तर ती मीटरवाली सकाळ परीक्षेतली दुसरी. मी डबा उघडून ह्यांना वाढलं. हे समोर बसून खाऊ लागले. बोलणं चालूच होतं. अँपिअर किती, रात्री किती गेले, सकाळी किती उरले. बोलता बोलता वाक्य मध्येच थांबलं. मी पाहिलं तर हातातला पेला तिरका झाला होता आणि चहा पायरीवर ओघळत होता. डोळे मिटलेले.

“अहो!”

“…उरले साठ टक्के,” असं म्हणून ह्यांनी वाक्य पुरं केलं. मध्ये काही घडलं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

मी फडक्यानं पायरी पुसली आणि त्यांच्या गालांकडे पाहिलं.

त्या मुखवट्याच्या पट्ट्या घट्ट असतात. रोज सकाळी ह्यांच्या दोन्ही गालांवर, कानापासून नाकापर्यंत, दोन तांबूस वळ उठलेले असत. दुपारी नळाचं पाणी यायच्या सुमारास ते विरत. तीन वर्षं मी ते वळ पाहत होते. आदल्या सकाळी गाल साफ होते, तेव्हा मला वाटलं, दमट हवेनं पट्टी सैल पडली असेल. आजही साफ होते.

“रात्री मशीन लावलं होतंत ना?”

“सगळं चालू होतं म्हटलं ना. तो दिवासुद्धा.”

मी पुढे विचारलं नाही. जास्त विचारलं असतं तर त्यांनी तोंडानं ‘हो’ म्हटलं असतं, आणि मग ते ‘हो’ त्यांना सांभाळत बसावं लागलं असतं. मला त्यांना त्या पेचात घालायचं नव्हतं. आणि मनात एक गोष्ट उलगडत नव्हती. समुद्रावर जायची ओढ त्यांनाच तर जास्त. मग दुसरी बॅटरी घ्यायला काय हरकत होती?

गुरुवारी सकाळीही आभाळ तसंच. मी धक्क्यावर पोचले तेव्हा इसाकभाई आधीच येऊन बसले होते, पायाशी प्रवासाची पिशवी. हे मीटरसमोर उभे होते. दाढी घोटलेली, शर्टाला इस्त्री, चेहरा मात्र ओढलेला आणि डोळे लाल.

“वैनी, या! साहेबांनी बाजी मारली.”

“तीन रात्री!” हे म्हणाले. “सूर्य नाही, वारा नाही, तरी बावीस टक्के शिल्लक. इसाक, एकच आण. आणि तुझा तो भुंगा राहू दे कोचीला.”

“मग मी निघू? गाडी चुकेल माझी.”

इसाकभाई उठले. मी आवाज चढवत नाही, मला ते जमतही नाही. पण त्या वेळी जे म्हटलं ते दोघांनाही नीट ऐकू गेलं.

“इसाकभाई, बसा. परीक्षा झालेली नाही.”

“झाली नाही म्हणजे?” हे म्हणाले. “तीन रात्री इथे काढून…”

“तुमची झाली. बॅटरीची नाही झाली.”

इसाकभाई एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे.

“जरा ह्यांचे गाल बघा हो,” मी म्हटलं.

इसाकभाई खरंच वाकून बघायला लागले. “गुळगुळीत आहेत वैनी.”

“दाढी केलीय मी!”

“दाढीनं वळ जात नाहीत,” मी म्हटलं. “तीन सकाळी पाहतेय. तुम्ही मशीन एकदाही लावलेलं नाही.”

खाडीत एक होडकं फटफट करत गेलं आणि ‘टिटवी’ हलली. हे पायरीवर बसले.

“लावलं असतं तर दुसऱ्या पहाटेच संपली असती,” ते म्हणाले. “हिशेब केला होता मी. चिल्लर नाहीये ते.”

“मग दोन का नाही घेत?”

“जागा नाही म्हटलं ना!”

“साहेब,” इसाकभाई हळूच म्हणाले, “जागा आहे. मी उन्हाळ्यातच बघितली. वजन मध्यात पाहिजे, खाली पाहिजे आणि कोरड्यात पाहिजे. होडीत अशा दोनच जागा. एकीत ही बॅटरी. आणि दुसरी…” त्यांनी बोट दाखवलं नाही. पण आम्ही तिघंही डोलकाठीच्या पायथ्याकडे पाहत होतो. तिथे माझी अन्नपूर्णा पळी घेऊन बसली होती.

“ती जागा दिलेली आहे,” हे म्हणाले. “दिलेली गोष्ट परत घेत नसतो मी. दिवसा झोपलो असतो थोडं. चाललं असतं.”

“आणि झोपताना मशीन कशावर चाललं असतं?”



हा माणूस कधी देवापुढे हात जोडत नाही. आणि देवांची जागा हलू नये म्हणून स्वतःचा श्वास कमी करत होता.

“अहो,” मी म्हटलं, “मी माझं व्रत धरलं तेव्हा तुमच्यासमोर हातावर पाणी घेऊन सोडलं होतं. आठवतं? तुम्ही हसलात, पण ऐकलंत. काय सोडायचं, किती सोडायचं, ते मोठ्यानं बोलून सोडायचं असतं. घरच्यांना ठाऊक असलं पाहिजे. तुम्ही हे गुपचूप धरलंत. ह्याला व्रत म्हणत नाहीत.”

“मग काय म्हणतात?”

“आगाऊपणा.”

इसाकभाई इतके मोठ्यानं हसले की धक्क्यावरचा बगळा उडाला. ह्यांनाही हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं.

मी पिशवीतून कुंकवाची डबी काढली. त्यातल्या अक्षता देवांना वाहिल्या, मनात काय ते बोलले आणि दोन्ही मूर्ती उचलल्या. सासूबाईंचं संपुष्ट मी प्रवासासाठी आणून ठेवलेलंच होतं. संपुष्ट म्हणजे देव बरोबर न्यायची झाकणाची पितळी डबी. त्यात कापूस घालून मूर्ती निजवल्या.

“डबीत?” हे म्हणाले. “एवढा कोनाडा केला आणि डबीत?”

“सासूबाईंबरोबर हे देव असेच काशीला जाऊन आलेत. प्रवासात देवांना डबीची सवय असते. सकाळी काढायचे, मांडीवर ताम्हन घेऊन पूजा करायची, परत ठेवायचे. तुमच्या मशीनला मात्र मांडी पुरणार नाही.”

“आणि ती वेल? आठ दिवस कोरत होतो.”

“वेल राहू दे की. बॅटरीला शोभेल.”

मग इसाकभाईंना मी म्हटलं, “दोन आणा. आणि पवनचक्कीही आणा.”

“तो भुंगा नको,” हे म्हणाले, पण आता त्यात जोर नव्हता.

“ऐका. तुमचं मशीन चालतं रात्री. सूर्य रात्री नसतो. मग रात्री कोण असतं? मतलई वारा असतो. रात्र पडली की जमिनीवरून समुद्राकडे निघतो, तो पहाटेपर्यंत. थंडीत तर रोज. दिवसा सूर्यानं भरायचं आणि रात्री वाऱ्यानं हात लावायचा.”

“मतलई हळू असतो वैनी,” इसाकभाई म्हणाले. “त्यावर भरपूर मिळणार नाय, आत्ताच सांगतो. थेंब थेंब देईल.”

“थेंब थेंब दे म्हणावं. दोन बॅटऱ्या आहेतच.”

हे काही क्षण छताकडे बघत राहिले, बोटं दुमडत. मग म्हणाले, “बसतंय. हिशेबात बसतंय. तीन पात्यांची नको इसाक, सहा पात्यांची आण. तिचा आवाज कमी असतो.”

“बघा! भुंग्याची जात पण माहिती साहेबांना,” म्हणत इसाकभाईंनी पिशवी उचलली आणि गाडी पकडायला गेले.

ते गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, “आता झोपा. मशीन लावून.”

“भर दिवसा? बावीसच टक्के आहे.”

“संपू दे. परीक्षा आहे ना?”

हे झोपले. मुखवटा बांधताबांधताच झोपले. मी शेजारी जप करत बसले. यंत्राची लयीतली फुसफुस, बाहेर पावसाची बारीक भुरभुर. दुपार कलताना मीटर टीं-टीं करू लागला, दिवे गेले, यंत्र थांबलं आणि हे दचकून उठून बसले.

“गेली,” मी म्हटलं. “नापास.”

“नापास,” हे म्हणाले. आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा मोकळा दिसला.

त्या संध्याकाळी दोघंही घरी आलो. तो त्या दिवशीही दिसला नव्हता. मी दिवा लावला, पाणी प्याले आणि पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर आभाळ धुऊन ठेवल्यासारखं, आणि फणसाच्या मागून तो वर येत होता, अगदी काही झालंच नाही अशा थाटात. मी अर्घ्य दिलं, हात जोडले. स्वयंपाकघरात जाऊन पेज घेतली. घास तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. आत गेले. हे नुकतेच उठून पलंगावर बसले होते. दोन्ही गालांवर, कानापासून नाकापर्यंत, तांबूस वळ. ठसठशीत.

मग बाहेर येऊन मी पेज खाल्ली.

मार्गशीर्षात आम्ही निघालो. सगळं सांगत बसत नाही, पण बॅटऱ्यांनी एकदाही मान टाकली नाही. पवनचक्की मतलई वाऱ्यावर हलके गुणगुणे आणि हे इसाकभाईंना फोन करून सांगत, “तुझा भुंगा बरा गातो रे.” वेलीच्या कोनाड्यात दुसरी बॅटरी आणि माझ्या मांडीवर अन्नपूर्णा. कन्याकुमारीला पोचलो त्या पहाटे मी पुढच्या टोकाशी उभी होते. तो पाण्यातून निघाला, आधी एक तांबडी कड, मग सगळाच. डोळे भरून पाहिला. मग खाली उतरले, ह्यांच्याकडे पाहिलं आणि मगच प्रसादाचा गूळ तोंडात टाकला.

ते आजही चालू आहे. ‘टिटवी’ आता आम्ही फारशी लांब नेत नाही, पण सकाळ रोज होतेच. काल हे उठून मला म्हणाले, “कुमुद, सूर्य केव्हाचा वर आलाय. अर्घ्य देऊन झालं तुझं, मी ऐकलं. मग चहा गार करत इथे दारात का उभी असतेस रोज?”

“दर्शन व्हायचं होतं,” मी म्हटलं.

“अजून व्हायचं होतं?” असं म्हणून ह्यांनी तळहातानं गाल चोळले आणि खिडकीतून आभाळाकडे पाहू लागले.